पोटनिवडणुकीची सहा महिन्यांची मुदत आयोगाच्या सोयीवर सोडावी का?

मुळाकाठ: गिरीश बापट यांचे 29 मार्च 2023 रोजी निधन झाले आणि पुण्याची लोकसभेतील जागा रिकामी झाली, ती 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 151-अ प्रमाणे अशी जागा सहा महिन्यांत भरावी लागते. त्याला अपवाद दोनच: उरलेली मुदत वर्षाहून कमी असणे, किंवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित करणे. सतराव्या लोकसभेची मुदत 16 जून 2024 पर्यंत होती, त्यामुळे पहिला अपवाद लागू होत नव्हता. आयोगाने दुसऱ्याचा आधार घेतला. यंत्रणा 2024 च्या तयारीत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल, ही त्याची कारणे. मला ती मुळीच पटत नाहीत. 20 सप्टेंबर 2023 रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झाले, तेव्हा त्यात पुण्याचे मत नव्हते. महापालिकेतही मार्च 2022 पासून प्रशासक होते, म्हणजे गाऱ्हाणे घेऊन जायला पुणेकरांना ना नगरसेवक उरला होता, ना खासदार.

खडूफळा: आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. मी शाळेत शिकवतो. मतदारयाद्यांचे काम असो वा केंद्रावरची ड्युटी, वर्ग सोडून आम्हालाच जावे लागते. फेब्रुवारी 2023 मध्ये कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक झालीच होती. त्यानंतर सहाही विधानसभा मतदारसंघांत हा सारा व्याप पावसाळ्यात मांडायचा आणि मे महिन्यात पुन्हा मांडायचा, तोही दोन-तीन अधिवेशने वाट्याला येणाऱ्या खासदारासाठी, हे मला न्याय्य वाटत नाही.

घाटमाथा: ओमन चांडी यांच्या निधनाने जुलै 2023 मध्ये रिकामी झालेली केरळातील पुथुपल्लीची जागा 5 सप्टेंबरला मतदान घेऊन भरली गेली. यंत्रणा तिथे मोकळी होती आणि पुण्यात नव्हती, असे कसे?

खडूफळा: ही तुलना लागू होत नाही. केरळ विधानसभेची मुदत 2026 पर्यंत होती.

मुळाकाठ: उरलेला काळ पुरेसा आहे की नाही, याचा हिशेब संसदेने आधीच केला आहे. एक वर्षाची रेघ कायद्याने आखली, ती सरकवण्याचा अधिकार आयोगाला नाही. नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये राजीनामा दिल्यावर भंडारा-गोंदियात 28 मे 2018 रोजी मतदान झाले आणि निवडून आलेल्या खासदाराला जेमतेम वर्ष मिळाले, तरी ती निवडणूक निरर्थक ठरली नाही. पुण्याच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2023 रोजी तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला, 8 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तोवर वेळ हातची गेली होती.

खडूफळा: शिक्षकांवरच्या भाराबद्दल माझे मत कायम आहे. मात्र "कठीण" म्हणजे काय, पूर, दंगल की साथ, हे कायद्यातच लिहिले जावे, इतपत मी आपल्याशी सहमत आहे.

मुळाकाठ: त्याला एक जोड हवी. आयोगाने असे प्रमाणपत्र, कारणांसह, जागा रिकामी झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत जाहीर करावे, म्हणजे ज्याला ते मान्य नसेल त्याला मुदत संपण्याआधी न्यायालयात जाता येईल.