पत्र तर पाठवलं, सही कुठाय?

‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप, रविवार, २० ऑक्टोबर २०१९

अण्णा (निफाड), सकाळी १०:०४
सुजू, तुमच्या तिकडचं ते ब्रेक्झिट, ब्रिटनचं युरोपातून बाहेर पडणं, एकदाचं ठरतंय का नाही? पिंपळगावचा एक्स्पोर्टर काल येऊन गेला. प्लॉट फिरला, चहा घेतला, आणि भावाचं काढलं की म्हणतो, "लंडनचं काय ते होऊ द्या अण्णा, मग बोलू." मार्चात हेच, एप्रिलात हेच, आता दसरा गेला तरी हेच. इकडं पाऊस हटेना, द्राक्षाची बाग पोंग्यात आहे, कोवळी फूट, डावणी रोगाची धास्ती. फवारणीचा खर्च काय लंडनवाले देणार का?

पिंट्या (ठाणे), १०:०६
अण्णाकाका, तिथे पहाटेचे साडेपाच वाजलेत. ताईला उठू तरी द्या.

बाळकाका (पुणे), १०:०९
२०१६ साली तिथल्या जनतेने कौल दिला. ५२ टक्के विरुद्ध ४८ टक्के. लोकशाहीत विषय तिथेच संपतो. बाकी सगळा वेळकाढूपणा.

सुनंदाकाकू, १०:१०
🌹 शुभ सकाळ. ज्याच्या मनी समाधान त्याच्या घरी दिवाळी 🌹

मीनाआत्या (नाशिक), १०:१४
सुजाता, मी नोव्हेंबरात येणार त्या तिकिटाचं काय करू गं? आमच्या भिशीत कुणीतरी म्हणालं ३१ तारखेला ते युरोपातून बाहेर पडले की विमानं बंद.

पिंट्या, १०:१५
आत्या, बोटीने जा. अण्णांच्या कंटेनरमधून. न्हावाशेवा ते रॉटरडॅम, एसी पण आहे 😂

पिंट्या, १०:१७
आणि साताऱ्याच्या सभेचा व्हिडिओ बघितला की नाही कुणी? भर पावसात पवारसाहेब बोलताहेत आणि एक माणूस जागचा हलत नाही.

विनूदादा (ॲडमिन), १०:१८
प्रचार काल संपला. उद्या मतदान आहे. ग्रुपवर राजकीय पोस्ट नको ही विनंती 🙏

पिंट्या, १०:१९
इंग्लंडचं राजकारण चालेल ना दादा?

विनूदादा, १०:२१
इंग्लंडचं चालेल.

सुजाता (हॅरो), दुपारी १:२२
उठले. अण्णाकाका, रागावू नका, इथेही सगळे वैतागलेत. काल शनिवार असून पार्लमेंट बसलं होतं. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर पहिला शनिवार! पंतप्रधान जॉन्सननी गुरुवारी ब्रसेल्सहून बाहेर पडायचा नवा करार आणला, त्यावर काल मत होणार होतं. पण लेटविन म्हणून आहेत, सप्टेंबरात जॉन्सनच्या पक्षातून काढलेल्या २१ जणांपैकी एक, त्यांनी उपसूचना टाकली: आधी सगळा कायदा पास करा, मान्यता त्यानंतर. ३२२ विरुद्ध ३०६ नी ती पास झाली. मग बेन कायद्याप्रमाणे (करार मंजूर झाला नाही तर मुदत वाढवून मागायचीच) कालच युरोपकडे मुदत मागणं भाग होतं, ३१ जानेवारीपर्यंतची.

अण्णा, १:२५
मग मागितली का?

सुजाता, १:२८
मागितली. रात्री उशिरा पत्रं गेली. तीन.
पहिलं कायद्यात दिलेल्या मजकुराची नुसती प्रत, खाली सही नाही.
दुसरं ब्रसेल्समधल्या राजदूतांचं, की हे आम्ही कायद्यापोटी पाठवतोय.
तिसरं खुद्द जॉन्सनचं, सही ठोकून: मुदत देणं ही चूक ठरेल.

अण्णा, १:३०
मागायची पण, आणि देऊ नका पण?

बाळकाका, १:३३
बाणेदारपणा आहे हा. कायद्याने हात पिरगाळला म्हणून पत्र दिलं, स्वतःची सही दिली नाही. २०१६ साली तिथल्या जनतेने कौल दिला. ५२ टक्के विरुद्ध ४८ टक्के. लोकशाहीत विषय तिथेच संपतो.

अण्णा, १:३६
सही न देण्याचा बाणेदारपणा आपल्या घरात नवीन नाही. वाटणीपत्र आठ वर्षं पुण्याच्या कपाटात आहे. त्याचाही कौल झाला होता, आईसमोर.

सुनंदाकाकू, १:३७
🙏🙏

बाळकाका, १:४१
अण्णा, तो विषय इथे नको. मी तेव्हाही स्वच्छ सांगितलं होतं, वाटणीला माझा विरोध नाही. आधी सरकारी मोजणी होऊ दे, मग सही.

पिंट्या, १:४२
आधी मोजणी, मग सही. आधी कायदा, मग मान्यता. म्हणजे बाळकाका = लेटविन 😂😂

विनूदादा, १:४३
पिंट्या.

आशुतोष (डब्लिन), १:५५
लेटविनचं म्हणणं अगदीच खोटं नाही पण. काल नुसती मान्यता मिळाली असती, तर बेन कायद्याची अट पुरी झाली असती. पुढे ३१ तारखेपर्यंत विधेयक अडकलं, किंवा कुणी मुद्दाम अडकवलं, की करार नसतानाच धाडकन बाहेर. त्यांचं मत कराराच्या बाजूनेच आहे. विश्वास नाही, एवढंच.

बाळकाका, १:५८
विश्वास नाही म्हणून अजून तीन महिने! मार्चपासून चाललंय. २९ मार्चचं १२ एप्रिल, १२ एप्रिलचं ३१ ऑक्टोबर, आता ३१ जानेवारी. आमच्या बँकेत एवढ्या तारखा दिल्या असत्या तर खातं एनपीएत गेलं असतं.

सुजाता, २:०४
बाबा, त्या तारखा कुणामुळे गेल्या ते पण बघा ना. आधीच्या पंतप्रधान मेबाईंचा करार जानेवारीत ४३२ विरुद्ध २०२ नी पडला. पाडणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे, ज्यांना बाहेर पडायची सगळ्यात घाई ते! मार्चात १४९ नी पडला, परत ५८ नी पडला. पहिल्या दोन्ही वेळा विरोधात मत देणारे जॉन्सनच होते. आणि १४ मार्चला तर कहर. बार्कले, म्हणजे खुद्द ब्रेक्झिट खात्याचे मंत्री, सभागृहात मुदतवाढीच्या बाजूने भाषण करून खाली बसले आणि मत विरोधात टाकून आले.

पिंट्या, २:०५
हा माणूस आपल्याकडे हवा होता. तिकीट पक्कं.

विनूदादा, २:०६
इंग्लंडपुरतं बोला.

आशुतोष, २:१५
आमच्याकडून बघितलं तर गोष्ट वेगळीच दिसते. इथल्या डंडॉकहून उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला गाडीने गेलो तर सीमा कधी ओलांडली कळत नाही. वेगाच्या पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड आलं. तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या करारानंतर ही शांतता आहे. तिथे परत जकातीचं ठाणं नको, म्हणून जॉन्सननी ती तपासणी समुद्रात ढकलली, उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या मध्ये. त्यावर डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाचे दहाच्या दहा खासदार बिथरले आणि काल लेटविनच्या बाजूने गेले. ३२२ आणि ३०६ मध्ये फरक सोळाचा. हे दहा इकडचे तिकडे झाले असते तर ती पत्रंच गेली नसती.

अण्णा, २:१८
आशू, हे सगळं खरं रे बाबा. ते ३१ जानेवारीचं परत सांग. पक्कं आहे?

आशुतोष, २:२०
मागणी तेवढी आहे. युरोपने अजून काही कळवलेलं नाही. युरोपीय परिषदेचे अध्यक्ष टुस्क म्हणालेत, पत्र मिळालं, सगळ्या देशांशी बोलतो.

अण्णा, २:२७
म्हणजे नेमकी माझी तोडणी. आत्ता ऑक्टोबरात गेले असते तर गेले असते, आमचा एक मणीसुद्धा तेव्हा समुद्रात नसतो. गोडी छाटणी आत्ता झाली, माल निघणार जानेवारीच्या शेवटाला. तीनेक आठवडे बोटीवर. मागल्या खेपेला २९ मार्च धरली होती, तेव्हा निम्मा माल पाण्यात. आता ३१ जानेवारी. यांना द्राक्षाशी काय वैर आहे?

सुजाता, २:३३
काका, इथले दुकानदार याच्या उलट ओरडतात. त्यांना ३१ ऑक्टोबर नको होती, कारण ख्रिसमसच्या मालाने गोदामं भरलेली. कुठलीही तारीख धरा, कुणाच्या तरी हंगामावर येतेच.

अण्णा, २:३५
त्यांची गोदामं तरी आहेत. माझा माल झाडावर आहे. तो थांबत नाही. आणि औषधांचं? रेसिड्यूची, म्हणजे फळात औषधाचा अंश किती चालतो त्याची, यादी बदलली तर? २०१० साली लिहोसीन औषधाच्या अंशावरून कंटेनर अडकले, त्यात किती जण बसले ते मी डोळ्यांनी बघितलंय. ग्रेपनेटला निर्यातीच्या बागेची नोंदणी करू ती युरोपच्या हिशोबाने का लंडनच्या?

सुजाता, २:४४
हे नितीनला विचारून लिहितेय, तो रसदीच्या कामातच आहे. करार झाला तर २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत सगळे नियम आहेत तसेच, जकात, यादी, सगळं. म्हणजे येता हंगाम जुन्याच नियमांत. करार न होता बाहेर पडले तरी युरोपचे कायदे ब्रिटनने २०१८ मध्येच आपल्या कायद्यात उतरवून घेतलेत, त्यामुळे यादी पहिल्या दिवशी तीच. भानगड रॉटरडॅमहून ट्रकने इकडे येणाऱ्या मालाची. बंदरावर रांग लागली की द्राक्षाचं काय होतं ते मी तुम्हाला काय सांगायचं.

मीनाआत्या, २:४६
आणि माझं तिकीट?

नितीन (हॅरो), २:५०
आत्या, विमानं चालू राहणार, काळजी करू नका. मुंबईचं विमान आहे, त्याला ब्रेक्झिटचं काही नाही.

बाळकाका, २:५३
जावईबापू, आलात बरं झालं. या ग्रुपमध्ये प्रत्यक्ष मतदान केलेले तुम्ही दोघंच. सांगा यांना, लोकांना काय हवं होतं ते.

सुजाता, २:५४
आमच्या घरात १–१ झालं होतं बाबा. तुम्हाला माहितीये.

नितीन, ३:०२
बाबा, खरं सांगू? आपण भारतीय पासपोर्टवाले कॉमनवेल्थचे म्हणून आम्हाला मत होतं, आणि शेजारच्या पोलिश कुटुंबाला नव्हतं. मी बाहेर पडायला मत दिलं. राग एवढाच, की त्यांना व्हिसा लागत नाही आणि माझ्या आईने चार महिने इथे राहायचं म्हटलं तर बँकेचे कागद, घराचे कागद, परत जाईन याचा पुरावा. प्रचारात सांगितलं होतं, युरोपवाले कमी झाले की आपल्या लोकांना दार उघडेल. साडेतीन वर्षांत आईच्या व्हिसाचा एक कागद कमी झालेला नाही. आता बसस्टॉपवर रोज सरकारी जाहिरात बघतो, ‘३१ ऑक्टोबर, ब्रेक्झिटसाठी तयार व्हा’. काल रात्री ते पत्र गेलं आणि आज सकाळी मंत्री गोव्ह टीव्हीवर सांगतात, आम्ही ३१ लाच जाणार. ऑफिसात जे राहा म्हणायचे तेही आता म्हणतात, काय वाट्टेल ते करा पण उरका.

बाळकाका, ३:०५
म्हणजे मुद्दा तोच. उरका! ५२ टक्के विरुद्ध ४८ टक्के.

सुजाता, ३:१३
लोकांना ‘उरका’ वाटावं हाच तर डाव आहे बाबा. जॉन्सनना निवडणूक हवीये. सप्टेंबरात दोनदा मागितली, दोन-तृतीयांश मतं लागतात, मिळाली नाहीत. विरोधी पक्षनेते कॉर्बिन म्हणतात करार नसताना बाहेर पडायचा धोका आधी टळू दे, मग निवडणूक. म्हणजे मुदतवाढ त्यांनाही हवी, पण ‘आम्ही ब्रेक्झिट लांबवलं’ असं उत्तरेकडच्या त्यांच्या मतदारांना सांगायचं नाही, तिथे पुष्कळांनी बाहेर पडायला मत दिलंय. फ्रान्सचे मॅक्रॉन म्हणतात लांबण कुणाच्याच फायद्याची नाही. एप्रिलात पण त्यांनी ताणून धरलं होतं, शेवटी ऑक्टोबरवर तडजोड झाली. नाही म्हणून दार लावलं तर आयर्लंडचं नुकसान युरोपच्या नावावर. मुदत सगळ्यांना हवी, मागितली कुणी म्हटलं की सगळे दुसरीकडे बघतात. जॉन्सन तर म्हणून बसलेत, खड्ड्यात मरून पडेन पण मुदत मागणार नाही. मग सही कशी करणार? उद्या प्रचारात दाखवायला ते बिनसहीचं पत्रच कामाला येणार. "मी निघालो होतो, यांनी अडवलं."

आशुतोष, ३:१५
आणि बघ, निवडणूक झाली तर त्यावरच जिंकतील.

सुजाता, ३:१६
तोंडात साखर नको घालू तुझ्या.

मीनाआत्या, ३:१८
पाउंड किती झालाय पण? ऑगस्टात ८५-८६ ला होता, तेव्हा घेऊन ठेव म्हणाले होते मी हिला.

पिंट्या, ३:१९
करार झाल्याच्या बातमीने नव्वदीपार गेला आत्या. तुझं शॉपिंग लांबणीवर टाक, ३१ जानेवारीपर्यंत 😂

बाळकाका, ३:२४
अण्णा, मोजणीसाठी भूमी अभिलेखमध्ये पुन्हा अर्ज करावा लागेल. जुना रद्द झाला असणार. फी निम्मी-निम्मी.

अण्णा, ३:२९
अर्ज मी २०१४ ला केला होता, २०१६ ला केला होता. दोन्ही वेळा तुला सवड नव्हती. आता तू कर. मी हजर राहतो. पत्रावर सही मात्र कर हो त्या.

बाळकाका, ३:३१
असं बोलायचं असेल तर मी ग्रुपवर नसलेलं बरं.

सुनंदाकाकू, ३:३२
अहो जेवण गार होतंय. इथे शेजारच्या खोलीत आहे मी.

नितीन, ३:४०
अण्णाकाका, एक सुचवू? एक्स्पोर्टरकडून रॉटरडॅमचा भाव आणि लंडनचा भाव वेगवेगळे मागा. रॉटरडॅमचा आत्ता बोलायला त्याला अडचण नाही, तिथे काहीच बदलणार नाही. लंडनचा करायचा असेल तर थेट इकडच्या बंदरात उतरणाऱ्या बोटीचा करा, ट्रकचा नको.

अण्णा, ३:४४
हे कामाचं बोललात जावईबापू. मागतो. पण तो लिहून देत नाही, सगळं तोंडी. उद्या सकाळी सातला मतदान उरकतो आणि पिंपळगावलाच जातो. आता उघडीप आहे, फवारणीचा ब्लोअर लावून घेतो. तुमच्याकडं उद्या काय?

नितीन, ३:४६
सरकार उद्या परत तोच करार मताला आणायचं म्हणतंय. स्पीकर बर्को परवानगी देतात का बघायचं. मार्चात मेबाईंना त्यांनी १६०४ सालचा नियम काढून अडवलं होतं, तोच प्रश्न परत परत विचारता येत नाही म्हणून.

पिंट्या, ३:४७
असा नियम आपल्या ग्रुपला पण हवा विनूदादा.

बाळकाका, ३:५२
*हा मेसेज डिलीट करण्यात आला*

पिंट्या, ३:५३
काका, वाचला नाही तरी कळला 😂