शब्दचर्चा : ट्रॉमा, हीलिंग, केअरगिव्हर यांना मराठीत काय म्हणायचं?

नगरवाली :
सर्वांना सलाम. माझं माहेर नगरचं, सध्या राहते टेक्सासात, डॅलसजवळ. आमच्या चर्चचा एक गट रवांडाला जाऊन येत असतो. पूर्वी असे गट गेले की अनाथाश्रमातल्या मुलांशी खेळायचे, गाणी शिकवायचे, भिंती रंगवायचे, फोटो काढायचे. मुलांना लळा लागायचा आणि पाहुणे निघून जायचे. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलेलं आहे, त्याला आणखी एकदा सोडून जाणंच ते. आता गटातली माणसं मुलांमध्ये फारशी मिसळतच नाहीत. मुलांना रोज सांभाळणाऱ्या तिथल्याच बायका-पुरुषांसाठी शिबिर घेतात. लहानपणी मार, उपासमार, जवळच्यांचे मृत्यू असलं काही सोसलेल्या मुलाशी दिवसभर कसं वागायचं, हा शिबिराचा विषय.

यंदा मीही गेले होते. माहेरच्या मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, मासिकासाठी लिहायला बसले आणि मथळ्यातच अडले. 'आघातग्रस्त बालकांच्या उपचारासाठी काळजीवाहकांचे प्रशिक्षण' असं लिहून फोनवर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडं दवाखाना काढलाय का?" तिचा प्रश्न रास्त आहे. ट्रॉमा, हीलिंग, केअरगिव्हर, तिन्हींसाठी घराघरात कळतील असे शब्द हवेत. शिबिर ज्या पद्धतीवर घेतात तिचं नाव 'ट्रस्ट-बेस्ड रिलेशनल इंटरव्हेन्शन', त्यातल्या 'ट्रस्ट-बेस्ड'चंही सुचवा.

शब्दपारखी :
'आघात' चुकीचा नाही, पण तो घटनेचं नाव आहे. आघात होतो, कोसळतो. ट्रॉमा म्हणजे घटना होऊन गेल्यावर माणसाच्या आत जे मागे उरतं ते. त्यासाठी आपल्याकडे जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे : धसका. 'पोरानं पुराचा धसका घेतलाय', 'तेव्हापासून तिला धसकाच बसला'. हा शब्द मनाचाही आहे आणि शरीराचाही. धसक्यानं ताप येतो, झोप उडते, बोलतं मूल मुकं होतं.

जवळचे शब्द तपासून पाहिले. 'धास्ती' पुढे काय होईल याची असते. 'हाय खाणे' यात झुरणं, खंगणं जास्त. 'भेदरलेलं', 'बुजलेलं' ही त्या क्षणाची अवस्था. म्हणून घटनेला आघात आणि मागे उरतं त्याला धसका, अशी वाटणी करावी.

'आघातग्रस्त' मात्र टाळाच. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त हे शब्द आपण मदतीच्या याद्यांमध्ये वाचतो. 'ग्रस्त' लागलं की मूल दिसेनासं होतं आणि रांग दिसायला लागते.

बालगृहातली :
धसका आवडला, पण तो पुरणार नाही. मी मुलींच्या एका बालगृहात बरीच वर्षं काम करते. धसका बसायला काहीतरी घडावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींच्या बाबतीत जे घडायला हवं होतं तेच घडलेलं नसतं. रडल्यावर कुणी उचललं नाही, भूक लागल्यावर कुणी भरवलं नाही, ताप आला तरी कुणी कपाळाला हात लावला नाही. याला मराठीत नेमका शब्द आहे : आबाळ. ट्रॉमाच्या भाषांतरात हा शब्द कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण आबाळीच्या खुणा धसक्यापेक्षाही चिवट असतात.

एक उदाहरण देते. एक मुलगी जेवणातली अर्धी पोळी रोज गादीखाली ठेवायची. मुंग्या लागल्या की सापडायची. नवीन मावशी तिला 'हावरी' म्हणायच्या, कुणी 'चोरटी'ही म्हणालं. खरं म्हणजे उद्या जेवण मिळेल याचा तिला अजून भरवसा नव्हता. तिच्या उशाशी झाकणाचा एक डबा ठेवला आणि सांगितलं, हा तुझा, यात कायम काहीतरी खायला असेल. डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढंच पथ्य आम्ही पाळलं. गादीखालच्या पोळ्या हळूहळू थांबल्या. तेव्हा शब्द शोधताना एवढं बघा, की तो वाचून मावशींना मुलीच्या वागण्यामागची भीती दिसली पाहिजे. 'हावरी'च्या जागी त्यांच्या तोंडात दुसरं काहीतरी यायला हवं.

आणि केअरगिव्हरचं म्हणाल तर कागदोपत्री आमच्याकडे 'काळजीवाहक' हे पद आहे. मुली 'मावशी' म्हणतात.

शब्दपारखी :
आबाळ, अगदी बरोबर. माझ्या यादीत तो यायला हवा होता. दोन्ही शब्द ठेवा. 'काळजीवाहक' पदनाम म्हणून असू द्या, पण लेखात नको. त्याच्या भावंडाला, 'काळजीवाहू'ला, वर्तमानपत्रांनी मुख्यमंत्र्यांना जोडून टाकलं आहे. पुढचा माणूस येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा, असाच अर्थ आता मनात येतो. मुलाच्या बाबतीत नेमकं उलट हवं, न बदलणारं माणूस. 'सांभाळणारी माणसं' एवढं साधं का चालू नये?

नगरवाली :
बालगृहातल्या ताई, डब्याची गोष्ट वाचून गलबलून आलं. आमच्या शिबिरात जवळजवळ हेच शिकवतात. ही पद्धत फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत कॅरिन पर्विस आणि डेव्हिड क्रॉस यांनी घडवली. १९९९मध्ये दत्तक मुलांसाठी भरवलेल्या एका उन्हाळी शिबिरापासून तिची सुरुवात झाली. पर्विसबाई २०१६मध्ये वारल्या. पद्धतीचे तीन भाग आहेत : आधी नातं जोडायचं, मग मुलाच्या शरीराच्या गरजा भागवायच्या, आणि हे दोन्ही झाल्यावर वळण लावायचं. आपण बहुतेक घरांत तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो.

शरीराच्या गरजांचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटला. दर दोनेक तासांनी पाणी आणि थोडं खाणं द्यायचं. रक्तातली साखर उतरली की घाबरलेलं मूल आणखी घाबरतं, आणि ते आपल्याला हट्टासारखं दिसतं.

आता रवांडाबद्दल थोडं, कारण तिथल्या शब्दांमुळेच हा सगळा विचार सुरू झाला. १९९४मध्ये एप्रिल ते जुलै अशा सुमारे शंभर दिवसांत तिथे आठ लाखांवर माणसं मारली गेली, मुख्यतः तुत्सी समाजाची. न्यामाता, न्तारामा इथे आसऱ्याला आलेल्या लोकांची कत्तल चर्चच्या इमारतीतच झाली. चर्चचं नाव घेऊन त्या देशात जाणाऱ्या माणसानं हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्या धसक्याला किन्यारवांडा भाषेत 'इहाहामुका' म्हणतात. त्यात फुप्फुसाचा शब्द दडलेला आहे असं सांगतात : फुप्फुसंच नाहीशी झाल्यासारखा श्वास कोंडणं. दरवर्षी ७ एप्रिलला 'क्विबुका', म्हणजे स्मरणाचा काळ, सुरू होतो, तेव्हा आजही कितीतरी जणांना हे होतं.

आजची मुलं त्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांना सांभाळणाऱ्या बायका मात्र १९९४मध्ये स्वतः मुली होत्या. शिबिरात एक सराव असतो. एक बाई मूल होते, दुसरी सांभाळणारी. त्या दिवशी 'मुलानं' ताट ढकलून दिलं. सांभाळणारी आधी उभ्यानंच रागावली. मग आठवण होऊन खाली बसली, आपली नजर समोरच्या बाईच्या नजरेच्या खाली आणली, आवाज उतरवला आणि म्हणाली, "चल, पुन्हा एकदा. या वेळी ताट माझ्या हातात दे." मूल झालेल्या बाईनं ताट दिलं आणि तिथेच ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. नंतर दुभाष्याकरवी एवढंच म्हणाली, की माझ्याशी लहानपणी असं कुणी बोललं नव्हतं. म्हणून मला असा शब्द हवा आहे, जो मुलालाही लागू पडेल आणि तिलाही.

मंडळीचा पाळक :
सलाम, ताई. दोन शब्दांबद्दल सावध करतो. मंडळीत राहिल्याशिवाय ही अडचण लक्षात येत नाही.

पहिला, 'ट्रस्ट'साठी 'विश्वास' नको. आपल्या लोकांत विश्वास म्हणजे प्रभूवरचा विश्वास, 'विश्वासणारे' म्हणजे ख्रिस्ती लोक. 'विश्वासावर आधारित पद्धत' असं छापलंत तर मासिकाचा प्रत्येक वाचक ती धार्मिक शिकवण समजेल. इथे मुलानं मोठ्या माणसावर टाकायचा तो 'भरवसा'. बालगृहातल्या ताईंनी वर तोच शब्द सहज वापरला आहे. दुसरा, केअरगिव्हरला 'पाळक' म्हणण्याचा मोह होईल, कारण मूल पाळणारा तो पाळक. पण मंडळीत पाळक म्हणजे धर्मगुरू, तो मी आहे, आणि 'पाळकांचे प्रशिक्षण' वाचून सगळे सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, समजतील.

आता शास्त्रातलं एक. 'ट्रॉमा' हा ग्रीक शब्द, अर्थ जखम. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, शोमरोन्याच्या दाखल्यात, तो मूळ ग्रीकमध्ये आहे. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाच्या जखमा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला एक परका वाटसरू, बांधतो, तिथे हाच शब्द येतो. उपदेशात आम्ही शोमरोन्यापाशी थांबतो. पण दाखल्यात तो दुसऱ्या दिवशी निघून जातो. जाण्याआधी उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेसारख्या मुक्कामाच्या जागेच्या, माणसाला पैसे देतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं वचन देतो. त्या जखमी माणसाचे पुढचे सगळे दिवस उतारशाळेच्या माणसापाशी गेले. तुमचा गट शोमरोनी आहे, आणि लेख उतारशाळेच्या माणसावर असायला हवा. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००मध्ये गुजरातेतून मुली आणल्या, त्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. आणल्यानंतर रोज त्यांच्यापाशी बसणाऱ्या बायकांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात.

वसईकर :
आमच्याकडे कॅथलिकांत पाळक नाही, फादर म्हणतात, त्यामुळे ती अडचण येणार नाही. पण 'मिशन ट्रिप'ला काय म्हणणार? 'सुवार्तादौरा' म्हटलं तर प्रचार वाटतो. 'सेवाभेट' बरा वाटतो. एक विचारायचं होतं, रवांडात या सांभाळणाऱ्यांना स्वतःचा काही शब्द आहे का?

नगरवाली :
सेवाभेट घेते, आभार. शब्द आहे, आणि फार सुंदर आहे. २०१२च्या पाहणीत तिथे ३३ संस्थांमध्ये ३,३२३ मुलं आणि तरुण होते. त्यानंतर सरकारनं संस्था बंद करून मुलांना कुटुंबांत नेण्याचं धोरण घेतलं. कार्यक्रमाचं नाव 'तुबारेरेरे मु मुऱ्यांगो', म्हणजे मुलांना कुटुंबात वाढवू या. परकं मूल घरी आणून वाढवणाऱ्याला 'मलायिका मुरिंझी' म्हणतात, राखण करणारा देवदूत. शिवाय प्रत्येक गावात एक बाई आणि एक पुरुष 'इन्शुती झुमुऱ्यांगो', कुटुंबाचे मित्र, म्हणून काम बघतात. आपल्या बालसंगोपन योजनेत अशी घरं असतात, पण त्या मोठ्या माणसांना आपण काही गोड नाव दिलेलं नाही.

शब्दपारखी :
हीलिंग राहिलं. 'उपचार' डॉक्टर करतात, तुमच्या आईंना दवाखाना आठवला तो त्यामुळेच. 'बरं होणं'मध्ये आजार पूर्ण गेल्याचा अर्थ येतो. 'जखम भरणं' चांगलं आहे, पण जखम आपोआप भरते, त्यात सांभाळणारं माणूस दिसत नाही.

माझं मत 'सावरणे'ला. हे क्रियापद दोन्हीकडून चालतं. मूल सावरतं, आणि कुणीतरी मुलाला सावरतं. पडता पडता तोल सावरतो, पदर सावरतो, प्रसंग सावरतो, दुःखातून माणूस सावरतो. पडलोच नाही असा त्याचा दावा नाही, आणि काही उरलंच नाही असाही नाही. तुम्हाला मुलाला आणि त्या रडणाऱ्या बाईला, दोघांनाही लागू पडणारा शब्द हवा होता. मुलाला सावरता सावरता तीही सावरली, असं मराठीत सरळ म्हणता येतं.

बालगृहातली :
सावरणे, शंभर टक्के. आमच्या मावशी हा शब्द आधीपासून वापरतात : 'आता सावरलीय पोर'.

नगरवाली :
मग मथळा असा करते : 'धसका घेतलेल्या, आबाळ झालेल्या मुलांना सावरणारी माणसं'. खाली छोट्या अक्षरांत 'रवांडातील सेवाभेटीचा वृत्तान्त'. पद्धतीचं नाव 'भरवशाच्या नात्यातून सावरणं'. पाळकसाहेब, उतारशाळेच्या माणसाचा भाग तुमची परवानगी असेल तर लेखात घेते. आमच्या गटाबद्दल मी चार परिच्छेद लिहिले होते, ते आता एकावर आणते.

मंडळीचा पाळक :
अवश्य घ्या.

बालगृहातली :
लेख छापून आला की इथे टाका, नव्या मावशींना वाचून दाखवायचा आहे. दर दोन तासांनी खाणं-पाणी देण्याचा भाग जागा कमी पडली तरी गाळू नका. आणि 'चल, पुन्हा एकदा' हे त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं ठेवा. शिक्षेच्या जागी काय म्हणायचं, हे आम्हाला रोज विचारलं जातं.