मोटर कुणी दुरुस्त केली?

ए-201 (सचिव): मोटर सुरू झाली. वरची टाकी भरली की पाणी सोडतो. साडेसहा धरा.

बी-304: आभारी 🙏 नेहमीचेच आले होते का?

ए-201: नाही, त्यांची मुलगी. आयटीआयला 2 वर्षं इलेक्ट्रिशियन केलंय तिनं.

बी-101: (फोटो) नारीशक्ती!! 👏👏 शिडीवर चढली पोरगी. लई भारी!

सी-402: तिला विचारून टाकलाय का फोटो?

बी-101: अहो वहिनी, कौतुकच केलंय की.

सी-402: भावजी, मी खालीच होते म्हणून सांगते. ती आल्या आल्या काकांनी विचारलं, "मिस्त्री कुठाय?" ती म्हणाली, "मीच." मग शिडी धरायला तिघं धावले. मागच्या खेपेला तिचे वडील हाका मारून दमले, तेव्हा एकजण खाली उतरला नव्हता! मोटर नुसती हूं हूं करत होती, फिरत नव्हती. तिनं मेन स्विच पाडला, पॅनेल उघडलं, तर मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर फुगलेला. काका दाखवता दाखवता हातच लावायला गेले, तर म्हणते, "आजोबा, लाइट बंद असली तरी यात करंट साठलेला असतो." आधी तो करंट उतरवला, मग कपॅसिटर सोडवला. पोवई नाक्यावरून नवा आणून बसवला. हे कुणी लिहिलं नाही. शिडी तेवढी दिसली.

ए-103: विचारलं ते खरं आहे. सवय नाही हो आम्हाला.

सी-301: काका, तुम्ही तर रेल्वेत होता. सुरेखा यादव आपल्या साताऱ्याच्याच ना? मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनीच नेली.

ए-103: हो, त्याआधी कितीतरी वर्षं इंजिनावर होत्या. पण गाडीत बसल्यावर इंजिनात कोण आहे ते दिसत नाही ना. इथं समोर उभी होती.

सी-402: 😄 हे बाकी खरं बोललात.

बी-304: बिल किती झालं? नवीन आहे, कमी करेल की थोडं.

ए-201: वडलांना देतो तेवढंच दिलंय.

बी-101: फोटो काढून टाकला. चुकलं.

ए-103: आमचा गीझर करंट मारतोय. नंबर द्या तिचा.

ए-201: बुधवारी जिन्यातले दिवे बघायला येतेय, तेव्हाच सांगा. तोवर गीझर बंद ठेवा काका. आणि शिडीला एकच माणूस पुरे, म्हणालीय.