शब्दचर्चा: इतर जिवांचा 'काळ' मराठीत कसा म्हणावा?

दिव्यांच्या डिझाइनवरचा एक लेख मराठीत आणतोय. म्हणणं असं की इमारती, दिवे, रस्ते आखताना फक्त माणसाचं घड्याळ धरू नये. पक्षी, कीटक, झाडं यांचा काळही हिशेबात घ्यावा. 'बहुजातीय काळ' लिहिलं, तर वाचक भलत्याच 'जाती'कडे वळतो. 'बहुप्रजातीय कालसंकल्पना' शासननिर्णयातली वाटते. काय म्हणावं?

— 'जीवमान'?

— ते आयुर्मानाच्या जवळ जातं. ग्रीनलँड शार्क अडीचशेहून जास्त वर्षं जगू शकतो, हे आयुर्मान झालं. इथला मुद्दा निराळा.

— एकाच शब्दात कोंबू नका. आधी क्षणाची लांबी बघा. दिव्याची उघडझाप साधारणपणे सेकंदाला ६० च्या पुढे गेली, की आपल्याला उजेड सलग दिसतो. काही फ्लायकॅचर पक्षी भरपूर उजेडात १४० च्या आसपासची उघडझापही टिपतात. जुन्या चोकची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. म्हणजे आपल्याला स्थिर वाटणारा दिवा त्यांच्या डोळ्यांना फडफडणारा. याला 'निमिष' चालेल, पण ते माप मुळात आपल्याच पापणीचं. संस्कृतात माशाला 'अनिमिष' म्हणतात, पापणी लवत नाही म्हणून.

दुसरी गोष्ट 'हंगाम'. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात झोत सोडतात, ते नेमके स्थलांतराच्या ऐन दिवसांत. झोतात हजारावर पक्षी अडकले की सुमारे २० मिनिटं दिवे बंद ठेवतात. इथे दिवा तोच राहिला, त्याची वेळ मात्र पक्ष्यांवरून ठरली. तुमच्या लेखाचा गाभा हाच ना?

— हो, हाच. पण १७ वर्षांनी जमिनीबाहेर येणारे अमेरिकेतले सिकाडा कीटक 'हंगामा'त कसे बसवू?

— त्याला 'फेरा' म्हणा.

— मग आत निमिष, हंगाम, फेरा. आणि शीर्षक 'पक्ष्यांचा काळ'?

— अहो, 'पक्ष्यांचा काळ' म्हटलं की आधी मांजर डोळ्यांपुढे येतं! 'काळ' म्हणजे यमही. 'ज्याची त्याची वेळ' करा.

— हे आवडलं. 'डिझाइन'चं काय?

— तसंच ठेवा. 'अभिकल्प' लिहिलंत तर पहिल्याच ओळीला वाचक पसार होतील.