अपघातानंतर रोज एन्झाइम तपासणं: गरज की सवय?

फोंड्याचा वाटसरू
भाच्याची दुचाकी घसरली, मांडीचं हाड मोडलं. खासगी हॉस्पिटलात रोज सकाळी रक्ताच्या तपासण्या: पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारी एन्झाइमं, म्हणजे सीके (मुख्यतः स्नायूतलं), एलडीएच, एसजीओटी; शिवाय सीआरपी. कशाला, तर म्हणे 'सूज किती ते कळतं'. अहो, स्नायू चिरडला की हे आकडे चढणारच! एलडीएच तर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढलेलं दिसतं. त्यावरून सूज काय मोजणार? सुजतं ते बिल.

लॅबवाली बाय, डिचोली
बाब, रोजचं एलडीएच सोडा, पण सीके बंद करू नका. चिरडलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन हे प्रथिन सुटतं आणि मूत्रपिंडाची वाट लावतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यानंतर ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं पुढं काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, ती यामुळेच. सीके काही तासांत चढू लागतं, एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जातं. लिटरमागं ५,००० युनिटच्या पुढं गेलं की धोका वाढतो. सलाइन आणि लघवी, दोन्हींवर डोळा ठेवावा लागतो. मांडी चिरडलेल्याचं सीके सुरुवातीला केलं नाही, तर मी भांडेन.

वाटसरू
म्हणजे मूत्रपिंडासाठी. सुजेसाठी नव्हेच. मग मी वेगळं काय म्हणालो?

काणकोणकर
सीआरपीबद्दल बोलायचं दोघंही विसरलात. ते एन्झाइम नव्हे, यकृतात तयार होणारं प्रथिन. हाड मोडलं किंवा ऑपरेशन झालं की जंतू नसतानाही वाढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. उतरायला लागून परत चढलं, तर संसर्ग शोधायचा. एकच आकडा बघून अँटिबायोटिक ठोकणारे आहेत, त्यांचं काय बोलावं!
सुजेशी थेट नातं असलेली एन्झाइमं पांढऱ्या पेशींतली: न्यूट्रोफिल इलास्टेज, मायलोपेरॉक्सिडेज. जखमेकडं धावलेल्या पेशी ती ओततात, प्रसंगी चांगल्या फुफ्फुसालाही इजा करतात. पण ती मोजतात संशोधनात, रोजच्या लॅबमध्ये नाही.

लॅबवाली बाय
एसजीओटी स्नायूतूनही येतं, म्हणून नुसतं ते वाढलं की यकृताला मार बसला म्हणून घाबरू नये. पण हँडल पोटात बसलं असेल, तर एसजीपीटी (यकृताचं) आणि लायपेज (स्वादुपिंडाचं) बघायलाच हवं.

वाटसरू
हँडल लागलं नव्हतं. सीके उतरलंय, ताप नाही. तरी आज परत एलडीएच.

लॅबवाली बाय
ते मात्र छापील फॉर्मवर टिक असते म्हणून. डॉक्टरांना सांगा, खोडतील.