मदत हवी आहे: प्रतिष्ठेची हाव आणि चढता प्राप्तिकर, वाढीचं गणित जुळत नाहीये

उलटसुलट:

मंडळी, एम.ए.च्या प्रबंधात एका प्रकरणावर गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

माणूस नुसतं पोटापुरतं कमावत नाही, चारचौघांत आपला नंबर कितवा हेही बघतो. शेजाऱ्याने मोठं घर बांधलं की माझं घर जागेवरच लहान होतं. मग मी जास्त राबतो, तोही राबतो, आणि क्रमवारी होती तशीच राहते. बॉस्किन आणि शेशिन्स्की यांनी १९७८ मध्ये याचा करांशी संबंध जोडला: लोक स्वतःला इतरांशी तोलत असतील तर कर जास्त चढते असणं योग्य ठरतं. इथवर पटतं.

घोळ पुढे आहे. मी ग्वो आणि लान्सिंग यांचं (१९९८) करसूत्र वापरतेय. त्यात आपलं उत्पन्न सरासरीच्या जितकं वर, तितका कराचा दर जास्त. माझ्या आकड्यांनुसार सरासरी उत्पन्नाच्या माणसाला एकूण २० टक्के कर पडतो, पण त्यावर कमावलेल्या प्रत्येक शंभरामागे ४० जातात. उत्पादन भांडवलाच्या सरळ प्रमाणात, भांडवलावरचा परतावा १० टक्के, श्रम ठरलेले, म्हणजे कोण किती राबतो ते बदलत नाही.

प्रश्न दोन. हाव आहे म्हणून कर चढता हवा, पण चढत्या कराने बचत मारली जाते. मग अर्थव्यवस्थेच्या वाढीचं नक्की काय होतं? आणि चढता कर अर्थव्यवस्था स्थिर करतो असं सगळीकडे वाचते, पण मार्गदर्शक म्हणतात, "कुठल्या अस्थिरतेबद्दल बोलतेयस ते आधी सांग." म्हणजे काय?

जुना हिशेबनीस:

आधी हे ठरवा की प्रतिष्ठा कशातून मिळते. खर्चातून की संपत्तीतून? सगळं इथेच फिरतं. तुमच्या मॉडेलमध्ये श्रम ठरलेले आहेत, त्यामुळे सापेक्ष उपभोगाची (इतरांपेक्षा जास्त खर्च करण्याची) हाव साध्या लॉग स्वरूपात घातली तर वाढीवर काहीच फरक पडणार नाही. आज मिरवायचं आणि उद्या मिरवायचं, दोन्हीची ओढ सारखीच वाढते. श्रम मोकळे सोडा, मग लोक जादा राबताना दिसतील.

संपत्तीची हाव मात्र वेगळी. साठवणंच सुख देतं, म्हणून बचत वाढते. झोऊ यांनी १९९४ मध्ये हेच भांडवलशाहीच्या वृत्तीच्या नावाने मांडलं होतं. तुमचेच आकडे घेऊ. अधीरतेचा दर (उद्यापेक्षा आजच्या खर्चाची ओढ) ४ टक्के, घसारा शून्य, कराचा पैसा सरकार खर्च करून टाकतं.

हाव नसेल, तर वाढ म्हणजे सीमांत करोत्तर परतावा (जादा कमाईवरचा कर जाऊन जे उरतं ते) वजा अधीरता. सगळ्यांना सपाट २० टक्के कर असेल तर ८ वजा ४, म्हणजे ४ टक्के. चढत्या करात ६ वजा ४, म्हणजे २. वाढ निम्मी झाली.

आता खर्चाच्या सुखाला १ धरून संपत्तीच्या सुखाला ०.५ वजन द्या. सीमांत करोत्तर परतावा वजा अधीरता, त्यात वजन गुणिले सरासरी करोत्तर परतावा (०.५ × ८ = ४) मिळवा आणि १ अधिक वजन, म्हणजे १.५ ने भागा. सपाट करात (४ + ४) ÷ १.५ = ५.३ टक्के, चढत्या करात (२ + ४) ÷ १.५ = ४.

म्हणजे घट २ टक्के-बिंदूंची होती ती १.३ वर आली. जो पैसा जमवण्यासाठीच जमवतो, त्याला सीमांत दर कमी टोचतो. तुमच्या प्रकरणाचा कणा हाच करा. पण वाढ जास्त म्हणजे कल्याण जास्त, असं लिहू नका; क्रमवारीसाठी केलेली बचत एकमेकांना खोडूनच टाकते.

एक खुसपट: सूत्रातली सरासरी गोठवली, तर वाढत्या उत्पन्नावर दर चढतच जाईल आणि वाढ थांबेल. सरासरी अर्थव्यवस्थेबरोबर सरकली पाहिजे.

तिरकी रेघ:

वर घेतलेलं "सरकार खर्च करून टाकतं" हे गृहीतक प्रबंधात उघड लिहा. पैसा लोकांना परत वाटला तर हावेच्या बाबतीत ५.३ चे ६ होतात आणि ४ चे ४.७. घट तीच, पातळी वेगळी. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

जुना हिशेबनीस:

बरोबर. आता स्थिरता. एक अस्थिरता बाहेरच्या धक्क्यांची. तेजीत उत्पन्नापेक्षा कर वेगाने वाढतो, मंदीत वेगाने घटतो, त्यामुळे खर्च कमी हलतो. युंगक्विस्ट आणि उलिग (२०००) यांचा मुद्दाही इथेच बसतो: लोक इतरांच्या कालच्या उपभोगाला गाठायला धावत असतील, तर तेजीत कर चढावा.

दुसरी अस्थिरता निव्वळ समजुतीची. उत्पादन वाढताना परतावाही वाढत असेल, तर सगळे आशावादी झाले की काम आणि गुंतवणूक वाढते, परतावा खरंच वाढतो आणि आशा स्वतःच खरी ठरते. ग्वो-लान्सिंग यांनी दाखवलं की कर पुरेसा चढता असेल तर वाढलेल्या उत्पन्नाचा लचका तोडला जातो, आशा पुरी होत नाही आणि समतोलाकडे जाणारी एकच वाट उरते. याउलट, श्मिट-ग्रोहे आणि उरिबे (१९९७): सरकारने अंदाजपत्रक दर वर्षी जुळवायचा हट्ट धरला तर उत्पन्न वाढताच दर घटवता येतो, आणि तीच आशेला फोडणी.

तुमच्या मॉडेलमध्ये हा दुसरा रोग मुळात नाहीच. उपभोग आणि भांडवल यांच्या गुणोत्तराचं समीकरण लिहा. त्याचा उतार १ अधिक वजन, म्हणजे धन. गुणोत्तर जरा चुकलं की ते दूरच पळत जातं, म्हणून टिकणारी वाट एकच. हाव आणि कर दोन्ही तिथे निर्दोष आहेत. तेव्हा "चढता कर स्थिर करतो" असा दावा या मॉडेलवरून करता येणार नाही. तो करायचा असेल तर श्रम मोकळे सोडून वाढता परतावा आणावा लागेल.

उलटसुलट:

दोघांचेही मनापासून आभार! म्हणजे वाढीचं प्रकरण याच मॉडेलवर आणि स्थिरतेसाठी श्रम मोकळे असलेलं वेगळं, असं करते. मोकळ्या श्रमांत संपत्तीची हाव घातली तर तो उतार ऋण होऊ शकतो का, हे आज रात्री मांडून बघते. अडलं तर इथेच टाकेन.