लहान मुलांसोबत मिनी गोल्फ : तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना निळा चेंडू सापडला आणि हातातलं काम तसंच राहिलं. लेक चार वर्षांचा होता, गणपतीपुळ्याजवळच्या एका रिसॉर्टात नऊ भोकांचा मिनी गोल्फ होता. पटर, म्हणजे चेंडू मारायची काठी, त्याच्या हनुवटीला लागत होता. चेंडू भोकाच्या काठावर अडला, तर हा गालिच्यावर पालथा पडून फुंकर मारत बसला. गेला एकदाचा आत! मग भोकाला कान लावून म्हणाला, "आई, परत टाक, टक् वाजतंय." आता बारावीला आहे. लिहा तुमच्या पोरांचं.

पोफळी
आमची धाकटी पहिल्याच भोकापाशी तासभर. मागच्यांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे.

दापोलीकर
मोठी हरली की रडायची. मग स्पर्धेतला नियम सांगितला: सहा फटक्यांत गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढच्या भोकाकडे. तेव्हापासून स्वतःच आनंदाने "सात!" ओरडते.

माहेर_वेंगुर्ला
आम्ही खळ्यातच करतो. गोट्यांची गल असते तशी, पण आत करवंटी पुरायची. खऱ्या गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं, मोठी करवंटी जवळपास तेवढीच भरते. मध्ये जांभ्याचे चिरे आडवे, झावळीच्या पिढ्याची, म्हणजे जाड देठाची काठी. आजी आधी ओरडली, "आताच सारवलंय मा, खड्डे कसले खणतास रे?" नंतर तिनेच दोन फटके मारले, दुसरा थेट करवंटीत!

पोफळी
अगं, पिढा म्हटल्यावर विरी आठवली, पोफळीच्या झावळीचं ते रुंद बूड! एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं. चड्ड्या फाटायच्या नुसत्या.

आईची_धांदल
जपा हं. भाच्याने पटर खांद्यावरून फिरवला, मागे माझी लेक. भुवईवर दोन टाके. आता आमच्याकडे पटर गुडघ्याच्या वर न्यायचा नाही.

माहेर_वेंगुर्ला
अगं बाई! डोळा वाचला. आता कशी आहे?

आईची_धांदल
मस्त आहे. खूण दाखवत फिरते सगळ्यांना.

गुहागरकर
ओहोटीला या आमच्याकडे. ओल्या वाळूवर चेंडू छान पळतो, आणि भोकं कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) आधीच पाडलेली. आमच्या पोराचा चेंडू बिळाच्या तोंडाशी थांबला, तर आतून कुर्ली आली आणि चेंडूला नांगी लावून परत आत. पोरगा गुडघ्यावर बसून तिला अर्धा तास हाका मारत होता.

पोफळी
गुहागरकर, आंबा सुरू झाला का हो तिकडे?

गुहागरकर
पायरी आलीय. हापूसला अजून आठवडा.